तळाचा थर

"दादाभाऊ, ते नाणं कोणाच्या हाती लागलं होतं? तेवढं सांगा, म्हणजे मी निघतो," हस्तीमल शेठ म्हणाले.

शेठ म्हणजे घोडेगावच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. दुकान सोडून प्राचीन इतिहास शिकले, पुण्यात प्राध्यापक झाले. पण आम्हा डिंगोरेकरांसाठी शेठच राहिले. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या नदीकाठची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, खणलं. मी मुकादम होतो. अगदी तळाच्या थरात शिशाचं नाणं सापडलं आणि शेठनी लिहिलं, की इथले पहिले रहिवासी शेतकरी नव्हतेच, व्यापारी होते. पुस्तकाच्या त्या पहिल्या प्रकरणानं त्यांचं नाव झालं. त्यावर पोरापोरींनी पदव्या मिळवल्या. आता ऐंशीच्या घरातला हा माणूस पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत नावं घालायची म्हणून जुने मजूर शोधत फिरत होता.

थाप मारणं काही अवघड नव्हतं. मला खोटं पाडायला होतं कोण? तेव्हा माती चाळणारी कुशाबाई तर गेल्या पौषात वारली.

झालं होतं असं. त्या सकाळी खड्ड्याची वरची कड ढासळली होती. पडलेली माती चाळताना कुशाबाईला नाणं मिळालं. ती म्हणाली, "दादाभाऊ, हे खालचं न्हाई बरं का. वरच्या मातीतलं हाय." थर म्हणजे काय, मला डोंबल कळत होतं! ज्या खोलीवर काम चाललंय, तीच सापडलेल्या वस्तूच्या चिठ्ठीवर लिहायची, एवढंच ठाऊक. शेठ वडिलांच्या आजारपणामुळे दोन दिवस घोडेगावला होते. मी तिला गप्प बसवलं आणि तळाचा थर लिहून टाकला. थर जितका खाली तितका जुना, हे पुढं हळूहळू उमगलं, तोवर पुस्तक छापून झालं होतं. भ्यालो, सरळ सांगायचं तर.

आज सगळं सांगून टाकलं. शेठ रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग वृषालीला फोन लावला. ती त्यांची विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक. तिचा प्रबंध त्याच प्रकरणावर उभा.

"वृषाली, पहिलं प्रकरण काढावं लागेल. नाणं वरच्या थरातलं आहे. चूक माझी. परत आल्यावर मीच कड तपासायला हवी होती."

माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. मला राहवेना. मी फोन मागितला.

"मॅडम, शेठची चूक न्हाई. चिठ्ठी मी लिव्हली व्हती. मी तवाचा मुकादम."

मग तिनं शांतपणे माझं पूर्ण नाव विचारलं. नव्या आवृत्तीत खाली टीप द्यावी लागेल, म्हणाली.

"आधी कुशाबाईचं लिवा," मी म्हणालो. "ती खरं बोलली व्हती. मी ऐकलं न्हाई."

आणि जिला जन्मभर नुसती कुशे म्हणून हाक मारली, तिचं नाव मी नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश सांगितलं. शेठ मान खाली घालून तेच आपल्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहून घेत होते.