होनोराची कुळी

गुरुवारी दुपारी बॉस्टनच्या मोलकरणींना सुट्टी असायची. त्या गुरुवारी आसपासच्या सगळ्या आयरिश मोलकरणी ठेवणीतल्या हॅट घालून होनोराच्या भाड्याच्या खोलीत जमल्या. होनोरा खाटेवर कायमची निजली होती, हातात जपमाळ. उभा जन्म परक्यांच्या चुली फुंकणारी ही स्वयंपाकीण. मरताना तिनं तरुण मोलकरीण गॉबनेटचा हात धरून एवढंच मागितलं होतं, "पोरी, मला मुक्यानं पुरू नका गं. आपल्या रीतीनं रडा."

रीत म्हणजे बाईनं मेलेल्याच्या उशाशी बसून त्याची कुळी गात रडायचं. बाप, आजा, पणजा, सगळे घ्यायचे. गॉबनेटची आजी तिकडे आयर्लंडात, केरी परगण्यात, या रडण्यासाठी नावाजलेली. पण गॉबनेट इथे येऊन मालकिणीसारखं हळू बोलायला शिकली होती. त्यात पाद्रीबाबा सकाळीच बजावून गेले होते, असला गावंढळपणा अमेरिकेत नको.

"बस की!" तिची बेसीआत्या खेकसली. "का हॅट चुरगळेल?"

गॉबनेट बसली. पहिला हेल काढला आणि अडकली. "आत्या, हिचा बाप कोण?"

"कुणाला ठाऊक! दुष्काळातली पोरकी. अनाथालयातून थेट बोटीवर चढवलेली. तिलाच माहीत नव्हतं."

कुळी नाही तर गायचं काय? बिचारीनं एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही जमेना.

मग गॉबनेटच्या तोंडून भलतंच निघालं. "होनोरा गं, पहिल्या पगारातून तू बोटीचं तिकीट धाडलंस, अनाथालयातल्या केटला इकडे आणलंस..."

"केटनं मला आणलं," खिडकीपाशी बसलेली धोबीण म्हणाली.

"आणि हिनं मला," धोबिणीकडे बोट करत शेजारची म्हणाली.

"मला हिनं," तिच्या पलीकडची म्हणाली. "मी माझ्या तिघी बहिणींना."

गॉबनेट एकेक नाव हेलात घेत गेली. बायका हुंदके देत साथ करू लागल्या. एकाही बापाचं नाव नाही, आणि कुळी संपता संपेना! आजीनं राजघराण्यातल्या माणसासाठीसुद्धा एवढी मोठी कुळी गायली नसेल.

"त्या तिघींतल्या धाकटीनं मला आणलं," बेसीआत्या डोळे पुसत म्हणाली. "आणि मी तुला. थांबलीस का? घे स्वतःचं नाव!"

गॉबनेटनं आपलं नाव घेतलं, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा गळा काढला.