बॅजची मागची बाजू

अरुणाताई राजवाडे यांनी एकोणीस वर्षांत एकदाही नियम मोडला नव्हता. ही गोष्ट त्या स्वतःच लोकांना सांगत असत, म्हणजे कोणाला शंका राहायला नको.

नियम बॅजचा होता. मँचेस्टरच्या ज्या जुन्या हॉस्पिटलात अरुणाताई १९७५ साली नर्सिंग शिकायला आल्या, तिथे तीन वर्षं पुरी करणाऱ्या मुलीला मेट्रन स्वतःच्या हाताने एक बॅज लावायची. रुपयाएवढा, चांदीचा, मध्ये निळ्या मीन्यावर सोनेरी मधमाशी आणि भोवती एक लॅटिन वाक्य. त्या वाक्याचा अर्थ मेट्रनने सगळ्यांना नीट समजावून दिला होता आणि चहा येईपर्यंत सगळ्या तो विसरल्या होत्या. मागच्या बाजूला मुलीचं नाव, वर्ष आणि नंबर कोरलेला असे. हा बॅज मिळाला की मुलगी ‘लीग’ची सभासद व्हायची. लीग म्हणजे त्या हॉस्पिटलात शिकलेल्या नर्सेसची संघटना. दुसरीकडे शिकलेली बाई कितीही मोठ्या हुद्द्यावर असो, तिला लीगमध्ये जागा नाही. आणि बॅज मुलीच्या मालकीचा कधीच नसायचा. तो लीगचा, तिच्याकडे फक्त हयातभर सांभाळायला दिलेला. ती गेली की घरच्यांनी तो परत करायचा.

नर्सिंग स्कूल बंद पडून तीसेक वर्षं झाली. नवी सभासद येत नाही, जुन्या एकेक करून जातात, तेव्हा लीगला मुख्य काम उरलं ते बॅज गोळा करण्याचं, आणि ते एकोणीस वर्षं लीगच्या सेक्रेटरी म्हणून अरुणाताईंकडे होतं. परत आलेले बॅज नव्या इमारतीच्या कॉरिडॉरमध्ये, कॉफी मशीनशेजारच्या काचेच्या कपाटात बॅचप्रमाणे ओळीने लावलेले असत. स्टॉकपोर्टचा एक म्हातारा बायकोचा बॅज मागताना फोनवर रडला होता. एका मुलीला आईचा बॅज स्वतःच्या लग्नात लावायचा होता. अरुणाताईंनी दोघांनाही सुरेख इंग्रजीत नकार कळवला होता. माणसाच्या रडण्यावर नियम ठरवायला लागलो तर कपाटात नुसती भोकं राहतील, असं त्यांचं म्हणणं. त्या म्हाताऱ्याची मात्र त्यांना अधूनमधून आठवण यायची, पण ते त्या कोणाला सांगत नसत.

आणि फेब्रुवारीत सुप्रभा गेली.

सुप्रभा चिटणीस आणि अरुणा राजवाडे. एकाच विमानाने आल्या, नर्सेस होममध्ये एका खोलीत राहिल्या, एकाच दिवशी बॅज मिळवला. पुढे दोघींनी मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतला. १९८१ मध्ये सुप्रभाने गिरीश नाडगौडा नावाच्या कॉम्प्युटरवाल्याशी लग्न केलं आणि ती रीडिंगला गेली. अरुणाताईंनी लग्न केलं नाही. जमलं नाही म्हणा, सुचलं नाही म्हणा. रविवारी सकाळी दोघींचा फोन, तो चव्वेचाळीस वर्षं चुकला नाही.

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी लीगची वार्षिक सभा असते. वर्षभरात गेलेल्यांची नावं अरुणाताई वाचतात आणि एकेक बॅज कपाटात लावतात. या वर्षी पाच नावं होती आणि बॅज चार. गिरीशला तीन पत्रं गेली होती, उत्तर एकाचंही नाही. सभेच्या आदल्या मंगळवारी अरुणाताईंनी डबा भरला, नोंदवही आणि पावतीपुस्तक पिशवीत टाकलं, कोटाला बॅज लावला आणि रीडिंगची ट्रेन पकडली. बर्मिंगहॅम येईपर्यंत त्या मनातल्या मनात भाषणाची तयारी करत होत्या. बर्मिंगहॅमनंतर भाषण सुचेना. सुप्रभाच्या घरी सुप्रभा नसताना त्या पहिल्यांदाच जात होत्या, आणि जायचं ते तिची वस्तू उचलून आणायला. त्यांना स्वतःचा थोडा राग आला. मग गिरीशचा आला, तो जास्त सोयीचा होता.

गिरीशने दार उघडलं. बाहत्तरीचा माणूस, हातात अर्धा चिरलेला दुधी, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर आणि स्वेटरवर डाव्या बाजूला, बरोब्बर जिथे लावायचा तिथे, बॅज.

अरुणाताई उंबऱ्यातच थांबल्या. जो मिळवायला तीन वर्षं बेडपॅन धुवावे लागत, तो बॅज या गृहस्थाने भाजी चिरायला लावला होता.

“ये,” गिरीश म्हणाला. “ट्रेन डिले नव्हती ना?”

“मी येणार हे तुला कसं माहीत?”

“तिसरं पत्र रेकॉर्डेड डिलिव्हरीने आलं, सही घेऊन. त्यानंतर तूच येणार, अजून कोण येणार?” तो आत वळला. “आणि ‘डिअर मिस्टर नाडगौडा’ काय, अरुणा? आमच्या लग्नात माणसं कमी पडली म्हणून अंतरपाटाचं एक टोक तू धरलं होतंस.”

“ते ऑफिशियल पत्र होतं.”

“म्हणून तर ऑफिशियली उत्तर दिलं नाही.”

अरुणाताईंनी कोट काढून पॅसेजमधल्या खुंटीला लावला. स्वयंपाकघर स्वच्छ होतं, जरा जास्तच. टेबलाच्या एका बाजूलाच ताटाखालची चटई मांडलेली होती. गिरीशने कपाटातून दुसरी काढून समोर ठेवली. वरण-भात, दुधीची भाजी. सुप्रभा असताना या माणसाला कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नव्हत्या. भाजीत मीठ कमी होतं, पण अरुणाताईंनी ते म्हटलं नाही, आणि न म्हणणं हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

जेवण होईपर्यंत बॅजचा विषय कोणी काढला नाही. तो समोर स्वेटरवर होता, तेवढं पुरे होतं. मग अरुणाताईंनी ताट बाजूला सारलं.

“गिरीश, शनिवारी सभा आहे. मला तिचं नाव वाचायचंय. नाव वाचायचं आणि बॅज नाही, असं आजवर झालेलं नाही. आणि सुप्रभाला सूट दिली, तर ज्यांना ज्यांना मी नाही म्हटलं त्यांना काय तोंड दाखवू? ती माझी मैत्रीण म्हणून सोडला, हेच म्हणतील. आणि खरंच म्हणतील.”

“मी कुठे सूट मागतोय?”

“मग हे काय आहे?” त्यांनी स्वेटरकडे बोट केलं.

गिरीशने बॅजवर हात ठेवला, लपवल्यासारखा नाही, सवयीने. “तिची डिस्ट्रिक्ट नर्सची, घरोघरी जायची ड्युटी साडेसातला सुरू व्हायची. निघताना रोज दारात उभी राहायची आणि मला विचारायची, सरळ लागलाय का बघ. एकतीस वर्षं. तिच्या सगळ्या नोकरीत माझं काम ते एवढंच. आता सकाळी मी तो लावतो आणि आरशात बघतो, सरळ आहे की नाही. दिवस सुरू झाल्यासारखा वाटतो. नाहीतर सुरूच होत नाही गं.”

अरुणाताईंना स्टॉकपोर्टचा म्हातारा आठवला. त्याला बॅज कशासाठी हवा होता, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली की त्या जे नेहमी करत तेच त्यांनी केलं. पिशवीतून नोंदवही काढली.

गिरीशने त्या वहीकडे बघितलं. मग त्याने बॅज काढून टेबलावर ठेवला. स्वेटरला दोन बारीक भोकं राहिली.

“घे. पत्राला नाही म्हणता येत होतं. तू समोर बसून दुधी खाल्ल्यावर नाही म्हणता येत नाही. शिवाय तुझा नियम. आमच्यासाठी तू तो मोडलास तर तुला झोप लागणार नाही.”

त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, असं अरुणाताईंना वाटलं. त्यांनी चष्मा लावला, पावतीपुस्तकात कार्बन सरकवला आणि बॅज उलटा केला. पावतीवर मागचं नाव आणि नंबर उतरवून घ्यायचा असतो.

नाव होतं ए. राजवाडे. १९७८. नंबर ३१०७.

त्यांनी चष्मा पुसला. तरीही ३१०७. हा नंबर त्यांना पाठ होता, सत्तेचाळीस वर्षं पाठ होता. पाठ होता म्हणूनच स्वतःच्या बॅजची मागची बाजू बघायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. उलट, घासून अक्षरं झिजतात, मागे ब्रासोचं पॉलिश लावू नका, असं परिपत्रक त्यांनीच सगळ्या सभासदांना पाठवलं होतं आणि स्वतः ते काटेकोर पाळलं होतं.

त्या उठल्या, पॅसेजमध्ये गेल्या आणि खुंटीवरच्या कोटाचा बॅज काढून आणला. तो उलटा केला. एस. चिटणीस. १९७८. ३१०८.

फ्लॅटमध्ये युनिफॉर्म धुवायचे तेव्हा दोघी बॅज काढून एकाच बशीत ठेवत. त्यातलाच कुठला तरी एक सोमवार.

“कळलं शेवटी,” गिरीश म्हणाला.

“तुला माहीत होतं?”

“तिला माहीत होतं. लग्नानंतर इथे आली, ट्रंक उघडली, तेव्हाच तिच्या लक्षात आलं. पाकीटसुद्धा आणलं होतं तुला पाठवायला. मग दोन दिवसांनी पाकीट फाडून टाकलं. म्हणाली, राहू दे. अरुणा तिकडे एकटी आहे, माझं नाव असू दे तिच्याजवळ. आणि तिचं माझ्याकडे.”

अरुणाताईंनी ३१०८ वरून अंगठा फिरवला.

“मला ताकीद होती, तू आपण होऊन बघेपर्यंत सांगायचं नाही. दर दिवाळीला हसायची. सगळ्या इंग्लंडचे बॅज उलटे करून बघते, स्वतःचा बघत नाही, म्हणायची.”

अरुणाताईंना रडू आलं. फेब्रुवारीत आलं नव्हतं. फ्युनरलच्या दिवशी हॉलमध्ये त्या चहाची व्यवस्था बघत होत्या, सगळ्यांना कप पोचले की नाही ते मोजत होत्या. आता, ऑक्टोबरमधल्या मंगळवारी दुपारी, उष्ट्या ताटासमोर त्या पदर नाही म्हणून किचन रोलच्या कागदाने डोळे पुसत रडल्या. गिरीशने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि तो भांडी घासायला उठला. तेवढं त्याला सुप्रभाने शिकवलं होतं.

चहा झाला तेव्हा दोन्ही बॅज टेबलावर शेजारी शेजारी होते. अरुणाताईंना एक गोष्ट सहज करता आली असती. वहीत ३१०८ पुढे ‘गहाळ’ असा शब्द लिहायचा, सुप्रभाचं नाव कोटावर तसंच ठेवायचं आणि गिरीशने लावलेला बॅज गिरीशला द्यायचा. कोणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांनी पेन उचललंही. चव्वेचाळीस वर्षं ज्याचा पत्ता नव्हता, ते हातात येऊन अर्धा तास झाला होता, आणि लगेच ते काचेमागे ठेवून द्यायचं.

मग त्यांनी पावती लिहिली. एस. चिटणीस, ३१०८, परत मिळाला. पावती फाडून गिरीशला दिली आणि कोटावरचा बॅज रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

“आणि हा?” गिरीशने दुसऱ्याकडे बघून विचारलं.

“तो हयात सभासदाचा आहे. त्याला लीग हात लावू शकत नाही.” अरुणाताईंचा आवाज पुन्हा सेक्रेटरीचा झाला होता. “तो नीट जपून ठेवायची जबाबदारी सभासदाची. कुठे ठेवायचा, ते नियमात लिहिलेलं नाही. मी इथे ठेवते. माझं बरंवाईट झालं की रेकॉर्डेड डिलिव्हरीने पाठवायचा.”

“आणि मी आधी गेलो तर?”

“तर मी येईन घ्यायला. पण ती घाई करू नकोस. भाजीत मीठ घालायला शीक आधी.”

रीडिंग ते मँचेस्टर सव्वातीन तास. तेवढा वेळ अरुणाताईंनी रुमाल उघडून बॅज मुठीत धरून ठेवला. समोरच्या माणसाने दोनदा विचारलं, आर यू ऑल राइट, आणि त्यांनी दोनदा हो म्हटलं. त्याच आठवड्यात स्टॉकपोर्टच्या म्हाताऱ्याला त्यांनी पत्र लिहिलं. नियम बदलता येत नाही, पण कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, तुम्हाला हवं तेव्हा या, बॅज हातात घेऊन बसा, कॉफी मशीन शेजारीच आहे. सही नुसती ‘अरुणा’ केली.

शनिवारी सभेला एकेचाळीस जणी होत्या. अरुणाताईंनी पाच नावं वाचली. सुप्रभाचं वाचताना आवाज स्थिर राहिला, बॅज लावण्याआधी मात्र त्यांनी तो एकदा उलटा करून बघितला. बॅज लावून झाल्यावर त्या मागे सरकल्या, तेव्हा अध्यक्षीणबाई मार्गारेट त्यांच्या कोटाकडे बघत होती. बॅजशिवाय आलेल्यांची नावं सभेत लिहून घेतली जातात, आणि ती लिहिणारी बाईच आज बॅजशिवाय उभी होती.

“अरुणा, तुझा कुठे आहे?” मार्गारेटने हळूच विचारलं.

“घरच्यांकडे आहे,” अरुणाताई म्हणाल्या, आणि यादीत त्यांनी स्वतःचं नाव पहिलं लिहिलं.