तोयोची पेन्सिल आणि मी

मित्रांनो, तुमच्याकडे चंदन उगाळायची सहाण असते ना, तसा मी शाई उगाळायचा काळा दगड. वय विचारू नका. मधोमध किती झिजलोय ते बघा आणि ओळखा. जपानच्या मित्सुहामा बंदरातल्या होरिए गुरुजींच्या घरी मला आणलं, तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं.

गुरुजी हायकू लिहीत. मोजून सतरा अक्षरं, पण त्यांच्यासाठी अर्धा तास शाई उगाळत. पुढे नाव झालं, शिष्य जमले. "शाई काय सुरेख उतरलीय!" असं लोक म्हणत. ती शाई माझी होती, बरं का!

मग ती पेन्सिल आली. गुरुजींची बायको तोयो भात शिजेपर्यंत कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे बोटभर थोटकानं हायकू खरडायची. ना शाईची कांडी, ना पाणी, ना कुंचला! मी नुसता जळफळायचो. एका वर्षी टोकियोच्या एका मासिकानं तिचे तीन हायकू छापले आणि गुरुजींचा एकच. तेव्हापासून जळायला मला सोबत मिळाली.

"या महिन्याच्या हायकू-बैठकीत हिचं काही निवडायचं नाही," गुरुजी शाई उगाळताना पुटपुटले. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

बैठकीत सगळे बिननावाच्या चिठ्ठ्यांवर लिहून देतात. त्या मिसळून दुसरेच कोणी नकलून काढतात, म्हणजे अक्षर ओळखू येत नाही. निवडलेला हायकू वाचला की ज्याचा असेल त्यानं आपलं नाव पुकारायचं. सगळ्यांत उत्तम ठरेल तो गुरुजींनी तिथंच कागदाच्या पट्टीवर लिहून द्यायचा. तोयोला अशी पट्टी कधीच मिळाली नव्हती.

त्या दिवशी एका हायकूत पाण्यात गप्प बसलेला तोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, होता. "हे चुलीपाशीच सुचलेलं," असं म्हणत गुरुजींनी तो बाजूला सारला. मग त्यांनी खणखणीत आवाजात दुसरा वाचला.

हिवाळी दर्या,
होडी परत आली,
नावाडी नाही.

"वा, इशिमारू! जन्म समुद्रावर काढल्याशिवाय हे सुचायचं नाही. आजचा उत्तम हाच!"

इशिमारू कोळी मान खाजवत म्हणाले, "गुरुजी, माझा तो तोफू होता. दिवसभर समुद्र बघून वीट येतो हो! घरी गेल्यावर तोफूच बरा वाटतो."

सगळे खो खो हसले. तेवढ्यात मागून चहाचे पेले खाली ठेवत कुणीतरी नाव पुकारलं, "तोयो."

गुरुजींचे कान लाल झाले. "तू? तू कधी होडीत तरी बसली आहेस का?"

"नाही. पण आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून समुद्र दिसतो. तुम्ही तिथं कधी उभेच राहिला नाहीत."

गुरुजींनी कांडी माझ्यावर करकरा घासली. पाणी घालायचंही विसरले. मीही मुद्दाम अंग चोरलं. त्या पेन्सिलीच्या ओळींसाठी मी शाई द्यायची? कुंचला अडखळला, पट्टी खराब झाली.

"राहू दे. पुढच्या महिन्यात देतो," गुरुजी म्हणाले.

"आम्ही थांबतो की," इशिमारू म्हणाले. "घाई कुणाला आहे?"

तोयो पुढे आली. तिनं माझ्या खळीत थोडं पाणी ओतलं. "पाणी कमी पडलंय, अहो," एवढंच म्हणाली.

गुरुजींनी कांडी पुन्हा उचलली. मग हळूहळू उगाळू लागले. मित्रांनो, माझी लबाडी फार टिकली नाही. अशी काळीभोर शाई मी जन्मात दिली नव्हती. पट्टी लिहून झाल्यावर गुरुजींनी ती दोन्ही हातांनी बायकोपुढे धरली आणि सगळ्यांदेखत मान लववली.

त्या गडबडीत मला धुवायचं राहिलं. शाई वाळली की दगड खराब होतो. ज्याच्याकडून काम घ्याल त्याला कृपा करून तसंच टाकू नका. लोक गेल्यावर तोयोनंच मला कोमट पाण्यानं धुतलं, मऊ फडक्यानं पुसलं. तिचा हात माझ्यावर पहिल्यांदाच फिरत होता. आता कुंचला घेईल, या आशेनं मी वाट पाहत राहिलो.

तिनं मला खिडकीत उन्हाला ठेवलं, समुद्राकडे पाहिलं, आणि कानामागची पेन्सिल काढली.