मेलेल्यांनी हलायचं नाही

अणुबॉम्ब पडला होता आणि उत्तनच्या वाळूत गिरिजा मरून पडली होती. शेजारी तिची सासू लक्ष्मी. तीही मेलेली, पण तोंडात मिश्री दाबून.

"गिरजे, नाकात राख गेली. शिंकू काय गं?"

"मेलेल्यांनी शिंकायचं न्हाय, आई."

पलीकडची दोन-तीन मढी फिसकन हसली.

सिनेमा होता बॉम्ब पडल्यानंतरचा. कोणी टाकला, का टाकला, ते त्यात नव्हतं. मेलेली माणसं तेवढी हवी होती. मुंबईत काय टॉवर कमी आहेत पाडायला? पण मेलेला देश दाखवायचा म्हटलं की यांच्या कॅमेऱ्याला कोळीवाडाच दिसतो. दिग्दर्शिका निशिगंधा शहरातल्या इंद्रलोक वसाहतीत राहणारी. पहिल्यांदा आली तेव्हा बांबूच्या वलांड्यांवर सुकत टांगलेले बोंबील बघून हरखूनच गेली. "वॉव! इथे काही करायलाच नको." ज्यावर गावाचं पोट चालतं ते तिला जग संपल्यासारखं दिसलं.

तिचा मॅनेजर रोशन तिकडच्याच जेसल पार्कचा, तोंडाचा गोड. त्याने गिरिजाला गाठलं आणि गिरिजाने घरोघर फिरून गाव पटवलं. शूटिंगच्या संध्याकाळी एकही दिवा लावायचा नाही, देवळाच्या कळसावरचाही नाही. बॉम्बनंतर लाईट कुठून येणार?

कळसाच्या दिव्यावर लोक अडले. तो शोभेचा दिवा नव्हे. काळोखात परतणारी होडी त्याच दिव्यावर नाक रोखून खडकांमधल्या वाटेने आत शिरते. जीपीएस असतो, पण दारातल्या खडकांपाशी डोळ्यांनीच बघावं लागतं. आणि दिवा दिसलाच नाही तर बाहेरच नांगर टाकून थांबायचं, ही जुनी रीत.

"होड्या तर त्याच्या दुसऱ्या दिवशी येनार," गिरिजा म्हणाली होती. "माजा घरवालाच हाय ना त्यात. मना काय त्याची काळजी न्हाय?"

गावाने ऐकलं. देवळातल्या मीटरच्या खोलीला कुलूप लागलं, चावी रोशनच्या खिशात गेली.

आता सूर्य बुडाला होता. उत्तरेच्या टोकाला, खडकांच्या वर, क्रेनवरून एक भलामोठा लाईट पेटला. शहर जळतंय असं दाखवायला. पंख्यांनी राख उडायला लागली.

"मेलेल्यांनी हलायचं नाही!" भोंग्यावरून निशिगंधाचा आवाज आला. "रोल!"

तेवढ्यात गिरिजाच्या पोलक्यात मोबाईल थरथरला. बाकीच्या बायकांचे मोबाईल रोशनने बादलीत जमा केले होते. तिचा राहिला होता, मॅनेजरच्या मर्जीतली ना ती! तिने हळूच बघितलं. ईश्वर, तिचा नवरा. समुद्रातून फोन लागतोय म्हणजे होडी किनाऱ्याजवळ आली.

"गिरजे, आयलो आमी. जाळं फाटलं, फिरलो मागं. दिवा दिसतोय गं. आज लई मोठा लावलाय?"

गिरिजाने कळसाकडे बघितलं. कळस काळा होता.

"अवो, तो दिवा आपला न्हाय! थांबा—"

फोन कट. परत लावला तर लागेना.

ती उठली.

"कट! कोण उठलं? अरे, कोण आहे ती?"

"लाईट बंद करा! होडी येतेय. तो लाईट बघून खडकावर जाईल."

रोशन धावत आला. "ताई, आकाशाचा हा रंग आत्ता जाईल. एक टेक होऊ दे, मग लगेच कळसाचा लावतो. प्रॉमिस."

"चावी दे."

रोशनने निशिगंधाकडे बघितलं. चावी काही दिली नाही. "अगं, एवढी वर्षं समुद्रावर जातो तो. त्याला कळणार नाही का?"

कसं कळणार? या गावाने तो दिवा आजवर कधी विझवलाच नव्हता. ईश्वरला शंका यायचं कारणच नव्हतं. आणि आज तो विझवायला लावणारी त्याची बायकोच होती, दारोदार फिरून.

निशिगंधा जवळ आली. "मावशी, हा सिनेमा माणसं वाचावीत म्हणून करतोय आपण. युद्ध नको म्हणून."

"मंग वाचव की! सहा हायत होडीवर."

उत्तराला गिरिजा थांबली नाही. साडी खोचून ती वलांड्यांमधून वाकून धावली. बोंबील तोंडावर फटफट आपटत होते. मागच्या रस्त्यावर जनरेटरची गाडी उभी होती. तिथला माणूस "अरे, अरे, किधर?" म्हणेपर्यंत तिने लाल दांडा हिसकून खाली ओढला.

लाईट गेला. पंखे थांबले.

आकाशाच्या कडेला थोडा रंग उरला होता, पण किनाऱ्यावर असा काळोख गावाने कधी बघितला नव्हता. त्या काळोखात पलीकडून इंजिनाचा आवाज आला. टक टक टक टक. सरळ टोकाच्या दिशेने. वाळूतली मढी एकेक करून उठून उभी राहिली.

"टाक रं नांगर," लक्ष्मी पुटपुटली. "टाक रं पोरा."

टक टक टक. आणि आवाज एकदम बंद झाला.

नांगर पडला की होडी आपटली? गिरिजाच्या हातात अजून तो दांडा होता. सोडायचं सुचतच नव्हतं.

मग पाण्यावरून शिवी आली. खणखणीत, पुरी, आईबहिणीसकट. "कोन हाय रं तो भाड्या? दिवा कोनी विझवला?"

"जिता हाय माजा!" लक्ष्मी मिश्री थुंकली आणि रडायला लागली.

गिरिजा रोशनपुढे जाऊन उभी राहिली. तिने हात पुढे केला. या वेळी त्याने कोणाकडे न बघता हातावर चावी ठेवली.

कळस उजळला. इंजिन पुन्हा सुरू झालं, वळलं, वाटेला लागलं.

"आकाश आहे अजून थोडं," निशिगंधा हलकेच म्हणाली. "रोशन, विचार ना त्यांना, परत झोपतील का?"

रोशनने विचारलं नाही.

होडी आत आली तेव्हा पाण्यात गुडघाभर उतरून बायका उभ्या होत्या. नखशिखान्त राखेच्या, तोंडं करपलेली, केस पिंजारलेले. पुढे त्याची आई, तिच्या शेजारी त्याची बायको. ईश्वर नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर, दोर धरून उभा होता. शिवी घशात अडकलेली, तोंड उघडंच.

"काय बगतास?" गिरिजा ओरडली. "दोर टाक!"