बाजूला ठेवलेली मतपत्रिका

निवडणूक म्हटली की फ्रोसिंगबाईंना अजूनही खडूचा वास यायचा. लाविस बेटावरच्या शाळेत चाळीस वर्षं पहिलीला शिकवलं आणि आलेल्या प्रत्येक निवडणुकीत मतपेटी सांभाळली, मग दुसरा कसला वास येणार! मेयर, गव्हर्नर, खासदार यांची मतं आता यंत्र मोजतं. कागद आत सरकवला की गिळून मोकळं. ना कोणी नाव वाचतं, ना खिडकीतून कोणी ओरडतं. बाईंचा त्या यंत्रावर मनापासून राग होता. पण गावच्या कप्तानाची, म्हणजे सरपंचाची, निवडणूक सरकारनं अजून जुन्या रीतीनं ठेवली होती. मतदारानं आपल्या हातानं नाव लिहायचं, शिक्षकांनी ते मोठ्यानं वाचायचं आणि भिंतीवरच्या तक्त्यावर रेघ मारायची. येत्या मार्चमध्ये बाई निवृत्त होणार, म्हणजे ही त्यांची शेवटची मोजणी. हाताखालच्या दोन तरुण शिक्षकांना त्यांनी आधीच बजावलं होतं, "वाचणार मीच. घसा बसला तरी मीच."

ते दोघे म्हणजे जोव्हेलिन आणि रायमार्क. तालुक्याच्या गावाहून होडीनं आलेले, गुणी, पण दर पाच मिनिटांनी फोन बघणारे. नियमही बाईंनीच त्यांच्याकडून घोटून घेतले होते. उमेदवाराचं नाव चुकीचं लिहिलं तरी समजलं की चालतं. आडनावासोबत आपुलकीचं, लाडाचं नाव लिहिलं तरी चालतं. मात्र त्या लाडाच्या नावावरून मत कोणाचं हे ओळखू आलं, तर अख्खी मतपत्रिका बाद.

"लाडाचं नाव कोण लिहितंय बाई मतपत्रिकेवर?" जोव्हेलिन हसली होती.

"पूर्वी लिहायचे," बाई म्हणाल्या होत्या. "पूर्वी माणसं मतपत्रिकेवर बरंच काही लिहायची. एकानं तर मेयरला शिवी लिहून शेवटी 'कळावे' लिहिलं होतं."

मतदान तीनला संपलं आणि पेटी उघडली. एकशे चोवीस कागद. खिडक्यांतून गाव लोंबकळत होतं. बाई एकेक घडी उलगडत, कागद उंच धरून सगळ्यांना दाखवत, नाव वाचत. रायमार्क तक्त्यावर रेघ मारी. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी, आणि त्या पाचवीला, पाचाचा गठ्ठा पुरा झाला म्हणून, बाहेरून सगळे एका सुरात ओरडत, "तारा!"

बाईंना काय सुख वाटत होतं म्हणून सांगू! या बेटावर ज्याला ज्याला लिहिता येत होतं, त्या बहुतेकांचा हात धरून बाईंनीच अक्षर गिरवून घेतलं होतं. हे गोल गरगरीत अक्षर नेनेंगचं, पहिलीत सहा महिने नुसती रडली होती. ही ओळ सोडून खाली उतरलेली अक्षरं दादोयची. मेला आजोबा झाला, पण ओळीवर चालायला काही शिकला नाही. एका कागदावर पेन इतकं दाबलं होतं की मागून नखाला लागत होतं. तो सिंतोंग, पाट्या फोडायचा. कोणी कोणाला मत दिलं, हे बाईंना दरवेळी सगळंच्या सगळं कळायचं, आणि चाळीस वर्षांत त्यांनी ते नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. नवरा नव्हताच म्हणा. पण बहीण होती, तिलाही नाही.

कप्तानपदाला उभे होते दोघे. रोगासियानो ओब्लिगार हा आताचाच कप्तान. त्यानं बास्केटबॉलचं मैदान केलं आणि मैदानाला कमान केली, कमानीवर स्वतःचं नाव मात्र मैदानापेक्षा मोठं. समोर तेओपिस्तो बाल्देविया, सगळ्यांचा पिस्तो. तीस वर्षं जहाजावर काढून परत आलेला, बाईंच्याच वयाचा. सहा वर्षांपूर्वी त्याची बायको लुस पोटदुखीनं तळमळत होती आणि तिला पलीकडे इस्पितळात न्यायला वेळेवर बोट मिळाली नाही. गेली बिचारी. पिस्तोचं मागणं एकच होतं. गावाच्या खर्चानं एक इंजिनाची बोट घ्यायची, आजाऱ्यांसाठी, कायम किनाऱ्यावर उभी. जन्मात चार माणसांत तोंड न उघडणारा हा माणूस त्या बोटीपायी महिनाभर घरोघर फिरला होता.

पाऊणशे कागद झाले असतील. बाईंनी पुढची घडी उलगडली आणि त्यांचा हात तिथंच थांबला. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं.

आता हे त्यांनी का केलं म्हणाल, तर त्यांनाही धड सांगता आलं नसतं. सकाळी सगळ्यांच्या आधी त्या मत द्यायला बसल्या. पेन हातात घेतलं आणि जाणवलं की पिस्तोचं नाव आपण लिहितोय ते एकेचाळीस वर्षांनी. तेव्हा पाकिटावर लिहायच्या, मनिलाच्या जहाज कंपनीच्या पत्त्यावर, आणि आत मायना एकच: तालाबा. म्हणजे कालव. शाळेत असताना फ्रोसिंगनं चेंडू मारून काच फोडली होती. पिस्तोनं ते बघितलं होतं. गुरुजींनी छडी उगारली तरी पठ्ठ्यानं तोंड उघडलं नाही, स्वतः मार खाल्ला. तेव्हापासून ती त्याला तालाबा म्हणायची, पण दोघंच असताना. धक्क्यावर निरोप देतानाही हा कालवासारखाच मिटून उभा. तिनं अकरा पत्रं लिहिली, त्याची तीन आली. पुढं कळलं की सेबूच्या मुलीशी लग्न केलं. संपलं. नंतर तो गावात येऊन राहिला, लुसशी बाईंची चांगली गट्टी जमली, आणि तिच्यामागं नऊ दिवसांची प्रार्थनाही बाईंनीच म्हटली. जुनं कोणी काढलं नाही. पण सकाळी त्या आडोशाला बसल्यावर वाटलं, शेवटची मोजणी आहे, एकदा लिहावं. आडनाव आहे, नियमात बसतंय, आणि हे नाव जगात दोघांशिवाय कोणाला माहीत आहे!

"तेओपिस्तो तालाबा बाल्देविया," बाईंनी वाचलं.

बाहेर हशा पिकला. "तालाबा? काय रे पिस्तो, कालवं विकायला लागलास काय?"

दुसऱ्या खिडकीत पिस्तो उभा होता. तो हसला नाही. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बाईंनी त्याच्याकडं बघायचं टाळलं.

"थांबा, थांबा!" सगळ्या गावाची मानांग, म्हणजे थोरली ताई, पासिंग उठली. ही मासळी विकणारी, ओब्लिगारची मतमोजणीतली माणूस, जिभेला हाड नसलेली. "ही खूण आहे. बाद करा हा कागद."

"मानांग, आपुलकीचं नाव चालतं," रायमार्क म्हणाला.

"आपुलकीचं? अहो, याला मी शेंबडा असल्यापासून ओळखते! या नावानं हाक मारलेली उभ्या जन्मात ऐकली नाही. म्हणजे कोणातरी एकाचीच ही हाक. त्या एकाचं मत आहे हे उघड नाही का झालं?"

"पण तो एक कोण, हे माहीत आहे का तुम्हाला?"

"मला नसेल. कोणाला तरी असेलच की!"

जोव्हेलिननं भांडण वाढू दिलं नाही. कागद बाजूला ठेवू, बाकीचे मोजून झाल्यावर ठरवू, म्हणाली. सगळ्यांना पटलं. बाईंनी कागद खडूच्या डब्याखाली ठेवला आणि पुढचा उचलला. त्यानंतर कोणाचं अक्षर कोणतं, हे त्यांच्या ध्यानात येईना. त्या नुसती नावं वाचत राहिल्या आणि मनात एकच: फरक मोठा पडू दे, देवा. कोणाच्याही बाजूनं पडू दे.

उन्हं उतरली तेव्हा तक्ता पुरा झाला. ओब्लिगार बासष्ट, बाल्देविया एकसष्ट. आणि डब्याखाली एक.

हिशोब ज्याला त्याला कळला होता. कागद धरला तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर चिठ्ठी टाकून कप्तान ठरणार. म्हणजे बोटीची निम्मी आशा शिल्लक. बाद केला तर ओब्लिगार आणखी तीन वर्षं.

रायमार्क म्हणाला, धरायचा. जोव्हेलिननं कागद हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि बाईंकडं वळली.

"बाई, इथलं प्रत्येक अक्षर तुम्ही घडवलंय. तुम्हाला हे अक्षर ओळखू येत नसेल, तर मग कोणालाच येणार नाही. तुम्ही नाही म्हणा, मी सही करते. मानांग, मान्य?"

पासिंगनं तोंड वाकडं केलं. पण मान हलवली. "बाई म्हणतील ते खरं. बाई खोटं बोलायच्या नाहीत."

बाईंना तिचा असा राग आला! शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. 'नाही' हा केवढासा शब्द. कोणाच्या बापाला कळणार नव्हतं. लुस डोळ्यांसमोर आली. त्या दिवशी किनाऱ्यावर चटईवर पडून पाण्याकडं बघत होती. परवा मृतांच्या सणाला सगळे मेणबत्त्या घेऊन दफनभूमीत जातील, तेव्हा तिच्यापुढं काय सांगायचं? की बोट येत होती, पण माझ्या एका लहरीपायी राहिली? आणि खरं बोलायचं तर या वयात, या खिडक्यांसमोर, आपण शिकवलेल्या दीडशे पोरासोरांसमोर! बाईंचे कान तापले. त्यांनी तक्त्याकडं बघितलं. दिवसभरात शंभरावर माणसांनी विश्वासानं घडी घालून दिलेले कागद त्यावर रेघा होऊन उभे होते.

"ओळखते," बाई म्हणाल्या. "माझं आहे ते."

त्यांनी जोव्हेलिनच्या हातातून कागद घेतला.

"तालाबा म्हणणारी मी एकटीच. पंधराव्या वर्षापासून. मत कोणाचं ते आता सगळ्यांना कळलं, म्हणजे कागद बाद. रायमार्क, लिही."

"बाई, पण तुम्ही बोलला नसता तर..."

"मला विचारलं होतं. लिही म्हणते ना!"

त्यानं लिहिलं. पासिंग मटकन खाली बसली. "अगं माझे आई," ती पुटपुटली, "मला काय ठाऊक हो बाई... मी आपली उगाच..." जिंकल्याचं तिच्या तोंडावर काहीच दिसेना. बाहेर ओब्लिगारच्या माणसांनी ढोल वाजवायला घेतला, तोही जरा चुकत चुकत. पिस्तोची भाची दारापर्यंत आली, डोळे लाल. "गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला? एक शब्द, बाई! एका शब्दानं बोट घालवलीत आमची!" बाईंनी सह्या केल्या, अंगठे उमटवले, पेटीला सील लावलं. लाख दोनदा सांडली.

पेटी तालुक्याला पोचवायची होती. शिपाई पेटी घेऊन होडीत चढला, मागून जोव्हेलिन, रायमार्क. बाई काठावर वहाणा काढत होत्या, तेवढ्यात पिस्तो पाण्यात उतरला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानं होडी धरली आणि दुसरा हात बाईंपुढं केला.

हात धरला तशा बाई रडायलाच लागल्या. "मी बुडवलं तुला, पिस्तो. एका मतानं."

"एका कुठं?" तो म्हणाला. "दोन मतांनी हरलो. मी ओब्लिगारला मत दिलं."

"काय?"

"आता स्वतःचं नाव स्वतःच लिहायचं म्हणजे... लाज वाटली. त्याचं लिहिलं. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझं धरलं असतं आणि माझं मी लिहिलं असतं, तर आलो असतो निवडून. गाढवपणा माझा. आणि बोटीचं म्हणशील, तर कप्तान नसलो म्हणून काय झालं? आता बोलायची सवय लागलीये मला. ओब्लिगारच्या दारात रोज जाऊन बसतो की नाही बघ."

बाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. पेटीतला तिसरा का चौथा कागद त्याचा होता. ते पुढं झुकलेलं, शेवटच्या अक्षराची शेपटी उगाच लांबवणारं अक्षर त्यांनी तीन पत्रांत इतक्या वेळा वाचलं होतं की अंधारात चाचपूनही ओळखलं असतं. त्यावर ठसठशीत लिहिलं होतं, तेओपिस्तो बाल्देविया.

खोटं सापडलं की जागच्या जागी कान पिळायचा, ही बाईंची चाळीस वर्षांची रीत. त्यांनी डोळे पुसले.

"असं होय," त्या म्हणाल्या. "मग गाढवच आहेस."

"तेच म्हणतोय मी."

होडीचं इंजिन सुरू झालं. पिस्तोनं होडी ढकलली, तरी होडीची कड सोडली नाही, छातीभर पाण्यापर्यंत चालत आला. बाई फळीवर बसल्या, रुमालानं तोंड पुसलं, आणि शिपाई, दोन्ही शिक्षक ऐकत असताना मोठ्यानं म्हणाल्या,

"उद्या सकाळच्या पहिल्या होडीनं येतेय मी. न्याहारीला घरी ये. भात आणि सुकी मासळी आहे."