माशासाठी कोळंबी

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा दाराबाहेर राहत असे. अशा घराच्या बैठकीत, देवघराला लागूनच्या भिंतीशी, लार्जमाउथ बास नावाचा अमेरिकन मासा राहायला आला. त्याला आणलं कमलाकरांनीच, आणि तेही हौसेने.

ईलिंगचा त्यांचा मित्र नंदू मोठं घर विकून फ्लॅटमध्ये गेला, तेव्हा त्याची भली मोठी काचेची टाकी कमलाकरांनी माशासकट मागून घेतली. असला परदेशी मासा पाळायला इथे परवाना लागतो हे कळल्यावर तर तो त्यांना जास्तच आवडला. तिथल्या मराठी मंडळात कुणाकडेच परवान्याचा मासा नव्हता. परवाना हातात पडेपर्यंत त्यांना दम निघेना.

आता मासा म्हटला की त्याला कणकेच्या गोळ्या घालायच्या, हे कमलाकरांना लहानपणापासून ठाऊक. वाईला घाटावर उभं राहून त्यांनी असं पुष्कळ पुण्य जोडलं होतं. रोज सकाळी आंघोळ आटोपून ते टाकीत गोळ्या सोडत. बास त्यांच्याकडे बघत राही, गोळ्या तळाशी जाऊन विरघळत आणि पाण्याचं ताक होई. मग पनीर झालं, भिजवलेली चणाडाळ झाली, एकादशीला साबुदाणाही झाला. माशाचं पोट खपाटीला गेलं.

शेवटी नात मायरा आली आणि टाकीपुढे मांडी घालून बसली.

"आजोबा, हा रोटी नाही खाणार. ही इज अ प्रेडेटर. त्याची तोंड बघा ना, केवढा मोठा आहे. त्याला प्रॉन्स पाहिजे, नाहीतर तो मरेल."

कमलाकर अस्वस्थ झाले. गीतेत काही सापडतं का तेही पाहून झालं. मग चहाच्या वेळी त्यांनी निर्णय दिला. "शेवटी त्याचा पिंडच तसा. मुक्या जिवाला उपाशी मारून आपण काय मिळवणार? फक्त सगळं गॅरेजमध्ये. फ्रीझर वेगळा, सुरी वेगळी. आणि सुचेता, सोलायचं वगैरे तूच बघ. तुला त्यातलं कळतं."

सुचेताताईंना त्यातलं कळतं, ही गोष्ट त्या घरात चाळीस वर्षांत पहिल्यांदा कुणी बोलून दाखवली. त्या वेंगुर्ल्याच्या. माहेरी दुपारच्या पानात मासळी नसली की वडील घरात कुणाशी धड बोलत नसत. लग्न ठरलं तेव्हा सासरचे म्हणाले, मुलगी आमच्या वळणावर जाईल. त्या गेल्या. पुढे माहेरपणाला गेल्या तरी माशाच्या वाटेला गेल्या नाहीत, कारण परत आल्यावर कुणी नाक मुरडेल याची धास्ती. लोकांनी त्यांचं फार कौतुक केलं. कौतुकाने माणसाचं पोट भरतं असं मानणारे लोक जगात बरेच आहेत.

पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये कोळंबी सोलताना तो वास हाताला लागला आणि त्यांना रडू आलं. निमित्त सांगायला तिथे कांदाही नव्हता.

बासचं मात्र नशीब फळफळलं. संध्याकाळी सुचेताताई वाटी घेऊन आल्या की तो काचेशी येऊन थांबे आणि तुकडा पाण्याला लागतो न लागतो तोच गट्ट करी. अंगाने चांगला भरला. कमलाकर पाहुण्यांना टाकीपुढे उभं करून सांगत, "आपलं तत्त्व आपल्यापाशी. पण दुसऱ्याच्या आहाराचा आदर करायला शिकलं पाहिजे." पाहुणे माना डोलवत. सुचेताताई चहाचे कप उचलत.

मग एकदा पिशवीत कोळंबी जरा जास्त निघाली. माशाला काही आमसुलं लागत नाहीत, तरी ती गॅरेजमध्ये आली. पाठोपाठ नारळाचं दूध आलं, तिखट आलं, मुलाचा कॅम्पिंगचा गॅस माळ्यावरून खाली आला. कमलाकर बाहेर पडले की गॅरेजचं दार अर्धं वर करून, गवत कापायच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून त्या जेवत. चोरून खाण्याची लाज वाटायला हवी होती. ती काही वाटली नाही. इतक्या सुखात त्या कित्येक वर्षांत नव्हत्या.

एका रविवारी नंदू आपला जुना मासा बघायला आला. बघणं झाल्यावर दोघे मित्र नदीकडे फिरायला गेले, पण नंदूचा गुडघा कुरकुरायला लागला म्हणून अर्ध्या वाटेतून परतले. "चल, त्याचं स्वयंपाकघर दाखवतो तुला," असं अभिमानाने म्हणत कमलाकरांनी गॅरेजचं दार पूर्ण वर केलं.

सुचेताताईंच्या मांडीवर ताट होतं आणि हात भातात होता.

"हे... माशाचं आहे ना?" कमलाकर म्हणाले.

"माशाचं त्याला घालून झालं. हे माझं."

"वहिनी, आमसुलं घातलीत वाटतं," नंदूने मनापासून वास घेतला. मग कमलाकरांचा चेहरा दिसला आणि त्याला गवताच्या मशीनमध्ये एकदम रस वाटू लागला.

कमलाकर दुखावले होते. "अगं, एवढं हवं होतं तर सांगायचंस. मी काय राक्षस आहे? माशाला नाही म्हटलं नाही, तर तुला म्हटलं असतं?"

"सांगितलं होतं."

"कधी?"

"लग्नानंतरच्या पहिल्या नारळी पौर्णिमेला. तुम्ही म्हणालात, होईल सवय."

कमलाकर आठवू लागले. अगदी प्रामाणिकपणे आठवत होते, आणि त्यांना काहीही आठवत नव्हतं. सुचेताताईंना वाईट वाटलं ते त्याचंच.

"मग," ते जरा आशेने म्हणाले, "झाली ना सवय?"

"नाही झाली," सुचेताताई म्हणाल्या आणि त्यांनी आणखी भात वाढून घेतला.