हाताला जड लागलेलं कार्ड

आकाराम सुतार हातात तोलल्याशिवाय कुठलीच वस्तू घेत नसे. नारळ असो, कुलूप असो की लग्नात द्यायचं तांब्याभांडं असो, तळहातावर घेऊन दोनदा वर-खाली करायचा, डोळे किलकिले करायचा आणि मगच पाकिटाला हात घालायचा. उद्या पोरीला बघायला स्थळ आलं तर हा त्या पोरालाही तोलून बघेल, अशी बायको बायडाबाई त्याची चेष्टा करायची. पण त्याच्या हाताला तशी सवयच लागलेली. बत्तीस वर्षं तो शिरोलीच्या एका फौंड्रीला लाकडी पॅटर्न करून देत होता. पंपाची बॉडी लोखंडात ओतायची तर आधी ती तशीच्या तशी सागवानात कोरावी लागते; मग ते लाकूड वाळूत दाबून साचा उठवायचा आणि त्यात रस ओतायचा. लाकूड जड लागलं म्हणजे पक्कं, हलकं लागलं म्हणजे आतून कीड. ओतीव माल जड म्हणजे भरीव, हलका म्हणजे पोटात हवा. हा आडाखा त्याला बत्तीस वर्षांत एकदाही दगा देऊन गेला नव्हता. म्हणून जगातल्या यच्चयावत वस्तूंना तो लागू पडतो असं त्यानं बेलाशक धरून ठेवलं होतं.

एक तारखेला फौंड्रीचा मालक अमरसिंह यानं त्याला ऑफिसात बोलावलं. अमरसिंह पस्तिशीचा, वडिलांच्या माघारी धंदा सांभाळणारा, रोखठोक बोलणारा, पण माणूस वाईट नव्हे.

"मिस्त्री, हितनं पुढं लाकूड बंद," तो म्हणाला. "कॉम्प्युटरवर थ्रीडी मॉडेल दिलं की मशीन आपसूक पॅटर्न कापतंय. पुण्याची पार्टी मॉडेल करून द्यायला तयार हाय. पण पंप तुमच्याइतका कुणाला कळत न्हाय. पोरगी तुम्हाला शिकवायलीय म्हणं कॉम्प्युटर?"

"व्हय, येतंय थोडंफार."

"मग ह्या नव्या पंपाची बॉडी पंधरा तारखेपतोर करून आणा. जमलं तर हितनं पुढची समदी मॉडेलं तुमची, घरात बसून. न्हाय जमलं तर मला पुण्याला द्यावं लागंल. राग मानू नकासा."

राग कसला मानायचा? बावड्याला घराच्या वाटेवर आकाराम सायकल रेटत होता आणि त्याला चक्क आनंद झाला होता. त्रेपन्नाव्या वर्षी कुणी नवं काम देतं का? त्याच्या बरोबरीचे दोन पॅटर्नवाले केव्हाच वॉचमन झाले होते.

शिकवणारी पोरगी म्हणजे तेजस्वी. डिप्लोमा करून इचलकरंजीला एका कापड-डिझाइनच्या ऑफिसात लागली होती. सकाळी सातची एसटी गाठायची, दिवेलागणीला परतायची. उरल्या वेळात बापाला थ्रीडी शिकवायची. चेष्टेनं सुरू झालेलं ते शिकवणं वर्षभरात चांगलंच मुरलं. माऊसवर आकारामचं बोट जड पडायचं खरं, पण वस्तू पोटातून कशी असते हे त्याला पोरीपेक्षा शंभरपट ठाऊक होतं. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याच्या फूटपट्टीवरचा फूट खऱ्या फुटापेक्षा अंमळ लांब असतो. ती वाढ तो मॉडेलमध्ये न सांगता धरायचा. तेजस्वीला त्याचा मोठा अभिमान वाटायचा आणि ऑफिसातल्या मैत्रिणींना ती ते सांगायचीही.

घोडं पेंड खात होतं ते मशीनपाशी. तिच्या डिप्लोमाच्या वेळचा तो म्हातारा डेस्कटॉप. पंपाची बॉडी जरा फिरवून बघायला गेलं की पडदा गोठायचा. चहा करून, पिऊन, कप विसळून यावं, तेव्हा कुठं ती अर्धीमुर्धी वळलेली असायची.

नवं मशीन परवडणारं नव्हतं. जुन्याच्या पोटातले पार्ट बदलायचे ठरले. त्यासाठी आकारामनं बँडसॉ विकला. परड्यातल्या पत्र्याच्या शेडमधली ती उभी करवत म्हणजे त्याचा उजवा हात. लाकूडच बंद म्हटल्यावर करवतीची काय पूजा घालायची, असं तो बायकोला म्हणाला, आणि ती टेम्पोत चढवायच्या वेळी मात्र घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसला. तीस हजार आले.

तेजस्वीनं वहीच्या पानावर लिस्ट करून दिली. प्रोसेसर, बोर्ड, सोळा जीबी रॅम, एसएसडी, एसएमपीएस. कॅबिनेट आणि मॉनिटर जुनाच ठेवायचा. प्रोसेसरचा नंबर तिनं ठळक लिहिला होता, कारण त्या प्रोसेसरच्या आतच पडद्यावर चित्र दाखवायची सोय होती. सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून: ग्राफिक कार्ड नको.

"पप्पा, ह्यातलं काय बदलू नकासा. अडलं तर फोन करा," असं बजावून ती एसटीला पळाली.

चार तारखेला आकाराम जुनं कॅबिनेट घेऊन राजारामपुरीत वृषभच्या दुकानात गेला. वृषभ हा पेठ वडगावच्या व्यापारी घरातला, तिशीचा जैन पोरगा. जिन्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत त्यानं कॉम्प्युटरचं दुकान थाटलं होतं. गोडबोल्या होता, पण खोटा नव्हता. त्यानं आधी दोन एसएमपीएस काढून ठेवले. एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा लोखंडी डबा. दोन्ही दिसायला सारखेच. आकारामनं सवयीनं एक उजव्या हातात घेतला, एक डाव्या, आणि उजवा पुढं केला.

"ह्यो द्या. ह्यो जड हाय."

वृषभ बघतच राहिला. "काका, बरोबर वळखलंसा की! हलक्यात माल कमी घालतेत. लोकं नुसती लेबल बघून नेतेत. तुम्हाला कळतंय ह्यातलं."

ते एक वाक्य वृषभनं बोलायला नको होतं. बिचाऱ्यानं मनापासून म्हटलं, पण आकाराम तेवढ्यावर फुगला. पार फुगला.

मग वृषभनं लिस्ट वाचली आणि मान हलवली. "ह्यातले भाव कधीचे? रॅम एका महिन्यात कुठल्या कुठं गेलीया, काका. ही लिस्ट तिसात बसत न्हाय. सहा हजार वर जातंय."

"जुनी रॅम घाला की."

"जुनी ह्या बोर्डात बसतच न्हाय, खाच येगळी. असं करा, आता आठच जीबी घ्या. सवडीनं आठ वाढवू. प्रोसेसर बिसेसर लिस्टीतला हाय तसा ऱ्हाऊ दे. काम भागतंय."

सल्ला सोन्यासारखा होता. आकारामनं मान डोलावली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि सांगण्यासारखी उरली नसती. पण त्याची नजर वृषभच्या मागच्या फळीवर गेली. तिथं तीन पंख्यांचं एक काळं धूड पडलं होतं.

"ते काय?"

"ते ग्राफिक कार्ड. सेकंडहँड हाय."

"बघू जरा."

हातात घेतलं आणि आकारामचा हात खाली गेला. दीड किलोला थोडं कमी असेल. आत तांब्याच्या नळ्या, पत्र्याच्या पाकळ्या दाटीवाटीनं बसवलेल्या, कुठं फट नाही. त्यानं बोटानं टिचकी मारून पाहिली. दोनदा वर-खाली केलं. मग लिस्टीतला प्रोसेसर हातात घेतला. बिस्किटाएवढी चकती, वजन असं नाहीच. ही चकती पंपाची बॉडी फिरवणार? आणि हे धूड नको म्हणून पोरगी दोनदा रेघ मारते?

"काका, खोटं सांगत न्हाय," वृषभ म्हणाला, "एकानं इंटरनेटवरची नाणी काढायला असली आठ कार्डं दोन वर्सं दिवसरात पळवली हुती. त्यातलं हे. आता चालतंय झकास, पण सात दिवसांच्या फुडं माझी जबाबदारी न्हाय."

"दोन वर्सं दिवसरात पळून बी चालतंय न्हवं? मग हेला काय हुतंय?"

"आनि हे घेतलं तर बजेटात बसवाय प्रोसेसर स्वस्तातला घ्यावा लागंल. त्यात चित्राची सोय नसती. समदं कार्डावरच."

"चालंल की. चित्र दावायला हे पैलवान हाय न्हवं."

तेजस्वीला फोन करावा असं एकदा मनात आलं होतं. पण वृषभशेटनं कळतंय म्हटल्यावर पोरीला काय विचारायचं? जुना बोर्ड आठशे रुपयांत वृषभलाच देऊन टाकला आणि सगळे पार्ट कॅबिनेटमध्ये बसवून तो ऐटीत घरी आला.

संध्याकाळी तेजस्वीनं झाकण उघडून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "पप्पा, लिस्टीत काय लिवलं हुतं?"

"आधी फिरवून बघ, मग बोल."

तिनं फिरवून बघितलं. पंपाची बॉडी लोण्यात सुरी फिरावी तशी फिरली. आकाराम हसला. पदरी पडलं पवित्र झालं, असं मनाशी म्हणून तेजस्वीनं झाकण लावलं. पंख्यांचा घरघराट मात्र ती बराच वेळ ऐकत बसली.

पुढचे आठ-नऊ दिवस म्हणजे आकारामच्या आयुष्यातले ऐन मौजेचे. सकाळी अंघोळ करून बसायचा तो जेवायलाच उठायचा. बायडाबाईला बोलावून पंपाचं पोट उघडून दाखवायचा, ती पदर तोंडाला लावून हसायची. बॉडीचा गोगलगाईसारखा वळणारा भाग तेवढा राहिला होता. दोन दिवसांचं काम आणि दोनच दिवस हातात.

तेरा तारखेला भर दुपारी टप् असा बारीक आवाज आला. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. पडदा काळा झाला तो झालाच. पंखे फिरत होते, दिवा लागत होता, पण पडद्यावर काही म्हणता काही नाही. आकारामनं मॉनिटरवर थापट्या मारल्या, वायरी काढून परत घातल्या, मग खुर्चीत बसून राहिला. तेजस्वी येईपर्यंत तो उठला नाही.

तिनं बघितलं आणि खाली बसली. "प्रोसेसर लिस्टीतला असता तर कार्ड जळूनबी चित्र दिसलं असतं, पप्पा," ती म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू बोलली, आणि आकारामला स्वतःची एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

चौदाला त्यानं कॅबिनेट रिक्षातून राजारामपुरीला नेलं. सात दिवस उलटून गेले होते, वृषभ हात झटकू शकला असता. त्यानं झटकले नाहीत. कोपऱ्यातलं एक जुनं, तळहाताएवढं कार्ड काढून फुकट बसवून दिलं. चित्र दिसलं, केलेलं कामही शाबूत होतं, पण बॉडी फिरेना. पुन्हा चहा करावा, प्यावा, कप विसळावा. तेजस्वीच्या ऑफिसातल्या मशीनवर हे सॉफ्टवेअर नव्हतं. नवा प्रोसेसर घ्यायला पैसा नव्हता, आणि बँडसॉ एकदाच विकता येतो.

पंधराला त्यानं अमरसिंहला फोन करून चार दिवस मागितले. "बघतो," असं म्हणून अमरसिंहनं फोन ठेवला. एकोणीसला काम पुरं झालं. रात्रंदिवस खपून डोळे सुजले होते. पेन ड्राइव्ह शर्टाच्या वरच्या खिशात घालून तो फौंड्रीत गेला. अमरसिंहनं मॉडेल उघडून पाहिलं, नीट पाहिलं, आणि म्हणाला, "मिस्त्री, एक नंबर झालंय. पर सोळालाच मी पुण्याला दिलं हो. वर्षाचा करार करून बसलो. माझ्याबी मागं गिऱ्हाईक हुतं, थांबंना झालं."

आकारामनं पेन ड्राइव्ह परत खिशात घातला. करवत गेली होती, पंप गेला होता, तेलही गेलं आणि तूपही गेलं.

"आनि एक," अमरसिंह जरा अवघडून म्हणाला, "रॅकवरची तुमची जुनी पॅटर्नं घिऊन जावा. आता जागा लागतीया. टेम्पो मी सांगतो. जळणाला तरी हुतील."

बत्तीस वर्षांची पॅटर्नं एका टेम्पोत मावली. ती परड्यातल्या रिकाम्या शेडमध्ये, करवतीच्या जागी रचून ठेवली. त्यांच्या वरच वृषभकडून परत आणलेलं ते काळं कार्डही ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे बायडाबाई अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटवायला बसली होती. तेजस्वीला सातची एसटी गाठायची होती. जळण ओलं होतं, नुसता धूर होत होता. आकाराम शेडमध्ये गेला. एका पंपाचं पॅटर्न उचलून त्यानं तळहातावर घेतलं, दोनदा वर-खाली केलं. जड होतं, पक्कं होतं, इतक्या वर्षांत त्याला कुठं चीरसुद्धा गेली नव्हती. त्यानं ते आणून बायकोच्या पुढ्यात ठेवलं.

"हे घाल," तो म्हणाला.

"अवो, हे?"

"घाल म्हटलं न्हवं."

ती हात लावेना. मग त्यानंच ते कुऱ्हाडीनं मधोमध फोडून बंबात सारलं. साग चांगला होता, लगेच पेटला. तेजस्वीला त्या दिवशी एसटीला उशीर झाला नाही.